तायव्वाच्या तोंडात पडलेलं पाणी

३ ऑगस्ट ७८
सकाळची ड्यूटी. एक नंबरच्या खाटेवरचा गेला. विट्याचा, छातीत कळ आली म्हणून काल आणलेला. पाणी येळेत दिलं.
बायको दाराच्या काचंला नाक लावून उभी. इंटेन्सिव वार्डात नातेवाईक सोडत न्हाईत, तवा शेवटचं पाणी आमच्याच हातानं. म्हंजे माज्या. बाकीच्या नर्सांना जमत न्हाई, कुणाला भ्या वाटतंय, कुणाला लाज. मला काय वाटत न्हाई. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत गंगा, ड्यूटी रूमच्या खिडकीत डालड्याच्या डब्यात तुळस. पान बुडवायचं, व्हटाला लावायचं, भाईर जाऊन सांगायचं, तोंडात पाणी पडलं. तेवढ्यावर माणूस काय ते वळखतो, आन् निम्मा शांत व्हतो. मुसलमान असला तर पोराला दारात उभा करून कलमा म्हणाय लावायचं, पाणी साधं.
लीला परत रडली. साताऱ्याची पोरगी, वरीस झालं येऊन, अजून प्रत्येकाला रडती. म्हणलं, "लीले, तुजा कोण लागत हुता?"
"आक्का, सकाळी त्यांनी मला इचारलं, पोरी चा घेतलास का."
म्हणलं, चादर बदल.

५ ऑगस्ट
मेट्रनबाईंनी बोलावलं. खुर्ची दिली, म्हंजे कायतरी भानगड.
"आक्का, पाच वरसं झाली तुमाला हितं. दमला असाल. बाळंतपणाच्या वार्डात जागा झाली हाय. जाता का?"
मी दमले असं कोण म्हणलं? तर म्हणाल्या, त्या विट्याच्या बाईनं तक्रार केली. नवरा गेल्याचं सांगताना नर्स घड्याळाकडं बगत हुती म्हणून.
बगत हुते. टाइम लिवायचा असतोय.
"गणपतीच्या आत काय ते सांगा. नुसतं नीट जेवता तरी का?"
जेवते. चव न्हाई लागत, तर त्यो मेसचा दोष.
बगते म्हणलं.

९ ऑगस्ट
तात्याचा निरोप. माजा धाकटा भाऊ, मलकापुरात असतो, मिल्ट्रीतनं आलेला. वैनीची आई शेवटच्या घटका मोजती, ये. दोन दिवस रजा टाकली. एसटीत उभीच.

१० ऑगस्ट, मलकापूर
म्हातारी दुपारी गेली. माणूस चांगलं. दर संक्रांतीला माज्यासाठी तीळ ठिवायची.
मी उशाशी हुते. श्वास लांब पडाय लागला तवाच कळलं. मुंडी वळवून बघितलं तर वैनी आईचा हात धरून बसलेली, तात्या गीता हुडकत हुता. मी म्हणलं, "गेल्या." डोळं मिटलं, फडक्यानं हनुवटी बांधली, अंगठं बांधलं, कापूस लावला. सगळं सरळ केलं. वैनीला म्हणलं, जरा सरक, बॉडी आखडायच्या आत हात नीट करू दे.
वैनी माज्याकडं बगतच राहिली. म्हणली, "वन्सं, ती माजी आय हाय. बॉडी न्हवं."
मी भाईर जाऊन पाय धुतलं.

११ ऑगस्ट
कालचंच. संध्याकाळी वैनी चुलीपाशी आली. रागानं न्हाई, हळूच. "तुमाला काय वाटत न्हाई का वो आता?"
आता काय सांगायचं. तीळ आठवलं, म्हातारीचं. आठवलं तेवढंच. डोळ्यात काय न्हाई. आधी येत हुतं का, ते बी नीट आठवत न्हाई. माजा मालक गेला तवा रडले हुते एवढं नक्की, कारण सासूनं तोंड दाबलं हुतं.
झोप न्हाई लागली. सगळी म्हणत्यात नर्स मानसाला सवय असती. असंल.
सकाळच्या गाडीनं सांगली.

१७ ऑगस्ट
दोन नंबरला नवी. तायव्वा, जतच्या बाजूची, मेंढरावाली. माज्याच वयाची असंल. रानात मेंढरं बसवली हुती, भुईला निजली हुती, मण्यार चावली. लेक घिऊन आला, माळाप्पा. आधी देवाचा उतारा केला म्हणं, मग टेंपो. हितं पोचस्तवर पापण्या पडल्या, मान पडली, मग श्वासच. नळी घातली. श्वासाचं मशीन बंद हाय दिवाळीपसनं. मग हातानं फुगा दाबायचा, आळीपाळीनं. लीला, मी, वार्डबॉय, परत लीला.
सापाच्या इखावरची लस टोचली. बघू.

१८ ऑगस्ट
आज लिवायचा कंटाळा आलाय पण लिवते.
तायव्वाची नाडी दोऱ्यागत. डोळ्याच्या बाहुल्या फाकल्या, बॅटरी मारली तरी हलत न्हाईत. छोट्या डॉक्टरांनी मान हालवली, म्हणालं काय आशा न्हाई, आन् खाली ओपीडीला गेलं. दाराबाहेर स्ट्रेचरवर एक हार्टवाला, घामानं निथळत, खाट न्हाई. माणूस जित्ता हाय, आणि खाट न्हाई.
मी लीलाला म्हणलं, "हात दुखवून घिऊ नगंस. ही संपली. लवकर आटपा, खाट मोकळी झाली तर त्या माणसाला आत घिता यील."
ती फुगा सोडंना. म्हणलं, "लीले, मी सांगते न्हवं?"
"नाडी हाय आक्का."
"राहतीया थोडा येळ. कोंबडीची बी राहती."
भाईरनं माळाप्पानं भंडारा दिला कागदात बांधून, आईच्या कपाळाला लावा म्हणून. लावला. पान बुडवून व्हटाला लावलं. भाईर जाऊन सांगितलं, तोंडात पाणी पडलं. त्यानं खाली बसून कपाळ फरशीवर टेकलं, मग उठला आन् निरोप द्यायला माणूस गावाकडं धाडला.
आत आले तर लीला फुगा दाबतीच हाय. माज्याकडं बगितलं न्हाई. म्हणलं, दाब. माजं काय जातंय.
हार्टवाल्याला जनरल वार्डात न्हेला.

१९ ऑगस्ट
हार्टवाला गेला. जनरलला. तेला पाणी कुणी दिलं, म्हाईत न्हाई.
तायव्वा हाय. नाडी कालच्यापेक्षा बरी. लीलाचं हात सुजल्यात. तिला बर्फ दिला. माज्याकडं पाठ करून घेतला.

२१ ऑगस्ट
तायव्वाचा अंगठा हालला. लीला वरडली. छोटं डॉक्टर जिन्यानं पळत आलं. मी सलाइन बदलत हुते. सगळी हसत हुती, वार्डबॉय सुद्धा.
मला काय वाटलं ते लिवते, कोण वाचतंय. मला राग आला. पाणी दिलेलं माणूस. सगळं केलेलं, झालेलं, आता परत चालू. पयल्यांदा राग, मग भ्या. असं काय वाटतंय म्हंजे माजं काय झालंय?
त्या रागाचं भ्या वाटलं. लय दिवसांनी कायतरी वाटलं.

२४ ऑगस्ट
नळी काढली. आवाज घोगरा, पण बोलती. लीलाला म्हणली, तुजं हात लय गरम हुतं. दोघी कानडीत कायतरी हसल्या. लीलाला दोन शब्द येत्यात, तेवढ्यावर.
मी चार्ट लिवत हुते. तायव्वानं माज्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

२६ ऑगस्ट
पेज पाजत हुते. चमचा धरला तर तायव्वा म्हणली, "तुजा आवाज वळखते मी."
"कुठला?"
"लवकर आटपा म्हणणारा."
चमचा वाटीत ठिवला.
"समदं ऐकू येत हुतं, अक्का. डोळं उगडंना, बोट हालंना, पण कान जागं. मला वाटलं मेल्यावर असंच असतंय. समदी बोलत्यात आन् आपल्याला कोण इचारत न्हाई. मग तू पाणी लावलंस. यव्वा! मी आतनं वरडली, आगं हाय मी हितं!"
"नाडी नुसती दोऱ्यागत हुती तुजी. बाहुल्या फाकलेल्या. डॉक्टर बी तसंच म्हणलं," मी म्हणलं. भांडाय लागले जणू.
"आगं मी कुठं भांडतीया? घसा वाळून कोरडाठाक हुता. तेवढं पाणी लय ग्वाड लागलं. पण किती गं थोडं दिलंस? एक थेंब! कंजूस हाईस बघ."
हसली. खोकली. मी पाठ चोळली.
पेज अर्धीच संपवली तिनं, मी भाईर आले. डालड्याच्या डब्याला पाणी घातलं. तुळस वाळाय लागली हुती.

२७ ऑगस्ट
रविवार. सुट्टी. कपडं धुतलं.
पाच वरसांत खाटांच्या उशाशी मी काय काय बोललीया. चादर काढून ठिवा. हेचं काय न्हाई राहिलं. कँटीनचा चा पाणचट झालाय. तात्याच्या पोरीला स्थळ आलंय. ऐकत हुतं का कोण? एक तरी ऐकत असंल. तायव्वा बोलली, कारण ती उठली. बाकीची...
नको. धुणं वाळत घातलं.

२९ ऑगस्ट
नवीनच काम निघालं. तायव्वाला उद्या सोडायचं तर माळाप्पा हात चोळत उभा.
"आक्का, आईला न्यायचं कसं?"
"टेंपोनं न्हे. आणलीस तशी."
"तसं न्हवं वो. तुमी म्हणला तोंडात पाणी पडलं. मी निरोप धाडला. वस्तीवर समद्यांनी अंघोळी केल्या, चुली इजवल्या. मामानं खड्डा काढला. आता आय जित्ती. म्हातारी माणसं म्हणत्यात, पाणी झालेलं माणूस घरात घ्यायचं कसं? खड्डा रिकामा ठिवायचा न्हाई म्हणत्यात. एकजण म्हणला कोंबडं पुरा, एकजण म्हणला गुरवाला इचारा."
"मग इचारा."
"त्यानं बी कधी बघितलं न्हाई असलं."
मला हसू यायला पायजे हुतं. न्हाई आलं. मी म्हणलं ना पाणी पडलं. माज्या तोंडचा शब्द. त्यावर बाईचं घर बंद झालं.
तायव्वा खाटेवरनं म्हणली, "अक्का, तू पाणी पाजलंस, तूच परत घे. माज्या हातनं पी, समद्यांच्या देखत. मग कोण बोलंल?"
"आसलं काय असतंय का कुठं?"
"न्हाई असत. आपण करायचं. त्या म्हाताऱ्यांनी तरी कुठं बघितलंय?"
माळाप्पा पटकन म्हणला, हे चालंल. त्याला कुठलं बी चाललं असतं.
मेट्रनबाईंकडनं दोन दिवस रजा मागितली. "कुठं जाताय?" जतला. "कशाला?" काम हाय. बाळंतपणाचं काय ठरलं? आल्यावर सांगते म्हणलं. त्यांनी माज्याकडं बघितलं, मग सही केली.

३० ऑगस्ट, जतची बाजू
टेंपोत मागं तायव्वा, तिच्या उशाला मी. वाटेत माळाप्पा दोनदा थांबला. पयल्यांदा आईला तान लागली म्हणून, दुसऱ्यांदा मला इचारायला, आक्का तुमी नीट बसलाय का.
जमीन सगळी तांबडी, कोरडी. पाऊस तिकडं लिहिलेलाच न्हाई. वस्ती म्हंजे चार कुडाची घरं, मधी मेंढरांचा वाडा, टँकरचं पाणी दगडी टाकीत. दारात सगळी उभी. कुणी म्होरं येईना. बारकी नात लांबनंच बघत हुती, ती पळत यायला लागली तर बापानं दंड धरला.
मला तर सारं आटपून पुढची गाडी पकडायची हुती. मोठ्यानं म्हणलं, "मी नर्स हाय सांगलीची. हिच्या तोंडात पाणी मीच घातलं. चुकलं माजं. बाई जित्ती हाय, बघा. चावंल आता तुमाला."
एक म्हातारा खो खो हसला. तेवढ्यावर गाठ सुटली म्हणायची.
तायव्वानं लोट्यात पाणी घेतलं. टँकरचं, मचूळ. माज्या तोंडाला धरलं. उभं राहून सगळ्यांच्या देखत प्यायले. मला वाटलं एक घोट, सोडू दे आता. तर म्हणली, "पी. मी न्हाई कंजूस." लोटा संपवूनच सोडला. मग तिनं वाडग्यातला भंडारा माज्या कपाळाला लावला. बारक्या नातीनं हात सोडवला आन् आजीच्या लुगड्यात तोंड घातलं.
खड्ड्यात शेवटी त्यांनी लिंबाचं रोप लावलं. गुरवाला कुणी इचारलं न्हाई.
सून भाकरी थापत हुती. जरा टेका म्हणली. टेकले.
जागी झाले तर दिवस खाली आलेला. कांबळं अंगावर, तायव्वा दारात बसून मेंढरं आत येताना बगती. दुपारची झोप, सबंध. मलकापुरात लागली न्हवती, स्वताच्या खाटेवर लागत न्हाई. गाडी चुकली.
"घोरत हुतीस," तायव्वा म्हणली. "मी म्हणलं लवकर आटपा, तर ऐकलंच न्हाईस."
हसू आलं. आलं म्हणून जरा दचकले.
भाकरीला चव हुती. लसूण चटणी, मेंढीच्या दुधाचं दही. दोन खाल्ल्या.

२ सप्टेंबर
ड्यूटी. लीलानं जवळ येऊन इचारलं, "आक्का, कपाळाला अजून पिवळं का?" पुसलं न्हाई म्हणलं. मग म्हणली, "मी सोडणार हुते. म्हंजे नोकरी. आईला कळवलं हुतं तिकडं, साताऱ्यात माजी बदली करून घेते, न्हायतर परत येते. आता काय करू?"
आधी सांगितलं असतं, जा, हितं रडणाऱ्याचं काम न्हवं. आज जिभंवर आलं, गिळलं.
"तुला दमल्यागत वाटतं का?" मी इचारलं.
"लय."
"मला बी."
दोघी ड्यूटी रूममधी उभ्याच. ती तुळशीची वाळली पानं खुडत हुती. एवढंच.

४ सप्टेंबर
तीन नंबर. शिराळ्याकडचा, तिशीतला, दोघा पोरांचा बाप. एंड्रिन प्यालाय, पिकावर मारायचं औषध. का प्याला ते त्याचा बाप सांगत न्हाई, मी इचारत न्हाई. नळी, फुगा. शुद्ध न्हाई.
दुपारनंतर नाडी पडाय लागली. सगळ्या खुणा. वळखते मी. तरी बी आज वळखते म्हणायला जीभ वळंना. डॉक्टर म्हणालं, आक्का, बघा हां. म्हंजे काय करायचं ते करा.
बाप दाराच्या काचंशी. म्हातारा, पागोटं हातात. त्यानं अंगठा तोंडाकडं न्हेऊन खूण केली. पाणी?
बाटली काढली. खिशात ठिवली. परत काढली. आधी कवा द्यायचं कळायचं. आता कळत न्हाई. लवकर दिलं तर काय व्हतंय ते बघितलंय. उशीर झाला तर त्या म्हाताऱ्याला जन्मभर पुरंल.
लीला फुगा दाबत हुती. तिनं माज्याकडं बघितलं.
मी खाली वाकले. कानाशी तोंड न्हेलं. लाज वाटली, वार्डबॉय बगत हुता. तेचं नाव घेतलं. म्हणलं, मी आक्का, नर्स. ही लीला हाय, तुजा श्वास तिच्या हातात हाय. तुजा बाप दारात हाय, पागोटं काढून उभा हाय. पाणी लावते. मरायचं म्हणून न्हवं. घसा वाळला असंल म्हणून.
पान बुडवलं. व्हट ओलं केलं. परत बुडवलं. परत. एका थेंबावर भागवलं न्हाई.
काय हालचाल न्हाई. हुईल असं वाटलं बी न्हवतं.

५ सप्टेंबर
तीन नंबर अजून हाय. नाडी तशीच. सकाळी कानात सांगितलं, उजाडलं.
मेट्रनबाई जिन्यात भेटल्या. "आक्का, उद्या गणपती. बाळंतपणाचं नाव लिवू का?" म्हणलं, त्यो तीन नंबर एकदा काय तरी ठरू दे. त्या म्हणाल्या, तीन नंबर ठरला की चार नंबर असतो. खरं हाय ते. जिना चढले.
कंबर लय दुखती. जेवण अर्धं टाकलं, पण आमटी खारट हाय हे कळलं.
काल पाणी लावून दाराकडं गेले हुते. म्हातारा काचंला चिकटलेला. तोंड उगडलं माजं. रोजचं वाक्य जिभंवर तयार. पण ते म्हणलं की तिकडं चुली इजत्यात. म्हणून नुसतं म्हणलं, "बाबा, तान लागली हुती पोराला. पाणी पाजलंय."
तो म्हणाला, "म्हंजे?"
"म्हंजे पाणी पाजलंय."
आज सकाळी बी तिथंच उभा हाय. तेच इचारतोय.